फोनमधली राजूबाई

कमठाण्यात संशयी बाई म्हटलं की लोक आमच्या शेजारच्या अनसाबाईचं घर दाखवतात. बायकांना बसमध्ये मिळणारं फुकटचं तिकीटसुद्धा ती दुसऱ्याकडून वाचून घेते. मला विचाराल तर हल्ली तिचंच बरोबर आहे. पूर्वी फोटो गप्प असायचा, आवाज रेडिओत असायचा. आता सगळं एका मोबाईलमध्ये शिरलंय आणि त्यात कोण खरं, कोण खोटं, काही कळत नाही.

तिच्या मुलानं, सुनीलकुमारनं, बापाच्या वर्षश्राद्धाला मोठाच पराक्रम केला. शिवाप्पाच्या जुन्या फोटोला मोबाईलवर बोलतं केलं. फोटोनं पापण्या हलवल्या आणि म्हणाला, "मी सुखात आहे, आपण काळजी करू नये." पाहुणे रडले. अनसाबाई तेवढी भडकली.

"जनमभर मला 'ए' म्हणून हाक मारलेला माणूस 'आपण' कामून म्हणंल? ह्यो माझा मालक न्हाई!"

तेव्हापासून फोनमधल्या माणसावरचा तिचा विश्वासच उडाला.

पुढं तिची धाकटी बहीण राजूबाई आळंदला आजारी पडली. तिथल्या कानडी घरात तिचा जन्म गेला, पण बहिणी-बहिणी कायम मराठीच बोलायच्या. एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. चेहरा सुकलेला, पण राजूबाईचाच. "अक्का, ओम्मी बा," ती म्हणाली. अक्का, एकदा ये.

अनसाबाईनं डोळे बारीक केले. "राजू माझ्यासंगं कानडी कवा बोलली? सुन्या, परत तुझे खेळ चालू झाले व्हय?"

"आईशप्पथ, मावशीच हाय!"

"मराठी बोल की गं," अनसाबाईनं फोनला दरडावलं. चेहरा बघत राहिला, पुन्हा तेच म्हणाला. तिनं फोन बंद करून उशीखाली सारला. सुनीलकुमार गाडी आणतो म्हणाला, तरी हलली नाही.

दोन-तीन दिवसांनी आळंदहून माणूस दारात आला. मयताचा निरोप आणणाऱ्यासारखं पाणीसुद्धा नको म्हणाला, तेव्हा ती काय ते समजली.

मीही सोबत गेले. राजूबाईची लेक धनलक्ष्मी मावशीच्या गळ्यात पडली नाही. लांबूनच म्हणाली, "डोक्यात झटका आला तवापासून आईची मराठी सगळी गेली व्हती, मावशी. अक्का कामून येईना, म्हणून कानडीतच विचारायलती."

मला अनसाबाईचा राग आला, फोटो बोलता करणाऱ्या सुनीलकुमारचा तर त्याहून जास्त. अनसाबाई बहिणीच्या उशाशी बसली, तिच्या गालावरून हात फिरवला. मग उभ्या जन्मात पहिल्यांदा तिच्याशी कानडीत बोलली. आले गं मी, एवढंच परत परत सांगत राहिली.

"बंदीनी, राजू. बंदीनी."