सोवळ्यातला नकार

धारला आमच्या दोन खोल्या, वर पत्रा. बाबा एका देवळात पुजारी. पगार थोडा, दक्षिणा त्याहून थोडी. माझ्या फीसाठी आई लग्नघरी पोळ्या लाटायला जायची. त्या पोळ्यांवर मी बी.कॉम. झाले, घराण्यातली पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

आईचं ऑपरेशन इंदूरला झालं तेव्हा बाबांनी क्रेडिट कार्ड वापरलं. काही महिने भरले, मग देवळाचा पगार रखडला, व्याजावर व्याज चढलं, आणि बँकेने धारच्या कोर्टात दावा लावला. मी देवासला कारखान्यात हिशेब बघत होते. मला कोणी काही कळू दिलं नाही. कळलं ते घर जप्त करायची नोटीस दारावर लागली तेव्हा.

सुट्टी टाकून धार गाठलं. निकाल एकतर्फी झाला होता, कारण म्हणे बाबांनी समन्स घ्यायला नकार दिला.

"बाबा, खरंच नाही घेतलंत?"

"अगं, त्या दिवशी आजोबांचं श्राद्ध. मी सोवळ्यात, पिंड मांडलेले, आणि हा कोर्टाचा माणूस समन्स घेऊन दारात. म्हणे साइन करो. मी म्हटलं, भिया, अभी छू नहीं सकता, तासाभराने ये. तो गेला तो गेलाच."

"मग दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन विचारायचं ना!"

"वाटलं, गरज असेल तर येईल परत."

"गरज तुमची होती हो," आई आतून म्हणाली.

सोवळ्यात बाहेरच्या कागदाला हात लावत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कायद्याला कुठून ठाऊक असणार?

मी बाबांना घेऊन वकिलांकडे गेले. त्यांनी मान हलवली. "घ्यायला नकार दिला म्हणजे मिळालं, असंच कोर्ट धरतं."

"पण मग कोर्टाच्या माणसाने समन्सची प्रत दारावर चिकटवायला हवी होती. त्याच्या अहवालात तसं कुठे लिहिलंय?"

त्यांनी अहवाल पुन्हा वाचला. "बेटा, ये पढ़ा कहाँ?"

"तुमच्याच कपाटातल्या पुस्तकात. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा."

निकाल रद्द करावा म्हणून अर्ज केला. सुनावणीला बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. बँकेच्या वकिलाने टोमणा मारलाच, "पंडितजी, काग़ज़ छूने से धरम डूब जाता है क्या?"

"धरम नहीं साहब, पिताजी का खाना ठंडा हो जाता."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत, पण मान खाली घातली. मग विचारलं, "वो आदमी दोबारा आया था?"

"नहीं हुजूर. दरवाज़ा तो दिनभर खुला था."

समोरच्या किराणा दुकानदाराने शपथेवर सांगितलं की त्या दिवशी दारावर काही चिकटलेलं नव्हतं, आणि श्राद्ध चाललेलं त्याने स्वतः पाहिलं. एकतर्फी निकाल रद्द झाला, त्याबरोबर जप्तीही उठली. दावा नव्याने चालणार होता.

बाहेर वकील म्हणाले, आता ताणून धरू, बँक थकेल. बाबा ऐकेनात. "हिच्या आईच्या पोटातला गोळा त्या पैशाने निघालाय. मुद्दल मी देणार. व्याजाचा डोंगर मात्र त्यांनी आपल्या घरी न्यावा."

मग लोक अदालतीत बसलो. बँकेचा माणूस दंड सोडायला तयार होता, व्याजावर अडला. मी सगळा हिशेब ओळीने त्याच्यापुढे मांडला आणि विचारलं, यातलं मुद्दल किती, तुम्हीच सांगा. त्याने फोन लावला, दोनदा बाहेर जाऊन आला, आणि मुद्दलावर तयार झाला. हप्ते मी माझ्या पगारातून भरले. बाबांनी श्राद्धपक्षातली दक्षिणा त्यात घातली. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

शेवटचा हप्ता भरला आणि बँकेने काही येणं नाही असं लिहून दिलं. घर बाबांच्या नावावर आहे आणि त्यावर कोणाचाही बोजा नाही.