चेंडूकडे न बघणारे साडू

बास्केटबॉलच्या सामन्यात चेंडूकडे अजिबात न बघणारा प्रेक्षक साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नारायण पेठेत राहतो. ते माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेठेत केबल आली तेव्हा शेजारीपाजारी परदेशी मालिकांच्या नादी लागले आणि आमचे साडू अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या. तरुणपणी ते स्वतः बँकेच्या संघातून खेळले होते. किती बास्केट टाकल्यात, असं विचारलं की उत्तर यायचं, "टाकायला बाकीचे होते की." सकाळी चहा घेत मी त्यांच्याशेजारी टीव्हीसमोर बसावं, कोणीतरी हवेत तरंगत चेंडू जाळीत घालावा, मी 'वा' म्हणावं, आणि साडूंनी शांतपणे विचारावं, "त्या पलीकडच्या निळ्या बनियनवाल्याचे पाय बघितलेत का?"

हा निळा बनियनवाला मला कधी वेळेवर सापडला नाही. साडूंचं म्हणणं असं, की बास्केट टाकणाऱ्याची पोस्टरं लागतात, पैसाही त्यालाच मिळतो. पण एखाद्या दिवशी त्याचा नेम लागला नाही की तो निरुपयोगी. अडवणाऱ्याचं तसं नसतं. त्यातही जो बुटक्या चपळ खेळाडूलाही अडवतो आणि गरज पडली तर ताडमाड उंच माणसापुढेही उभा राहतो, त्याला बाकावर बसवायची कोणत्याच प्रशिक्षकाची छाती होत नाही. हे तत्त्व ते घराबाहेरही पाळत. स्वारगेटला रस्ता ओलांडताना गुडघे किंचित वाकवून, हात पसरून, मेहुणी आणि रिक्षा यांच्या मधून ते आडवे सरकत जात. मेहुणी ओळख नसल्यासारखी समोर बघत चालायची. लग्नाच्या पंगतीत जिलबी आणि मठ्ठा दोन्ही सांभाळणारा वाढपी दिसला, की साडू वधूवरांना सोडून आधी त्याचं अभिनंदन करून यायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि वर्षभरात तिनं घरी निखिलचं नाव काढलं. मुलगा अमरावतीचा, तिच्याच कंपनीतला. वडिलांना खूश करायला ती म्हणाली, "बाबा, तो बास्केटबॉल खेळतो. टीमचा टॉप स्कोअरर आहे." साडूंचा चेहरा उतरला.

"अहो, मुलगा चांगला आहे, मुक्ताला पसंत आहे. आता काय राहिलं?" मेहुणी म्हणाली.

"कोणाला अडवतो का?" साडूंनी विचारलं. मुक्ता उठून आत गेली आणि दोन दिवस वडिलांशी बोलली नाही.

शेवटी कंपन्यांच्या स्पर्धेतला निखिलचा सामना बघायला साडू मला घेऊन गेले. मुक्ता आमच्यापासून लांब, मैत्रिणींमध्ये बसली होती. पूर्वार्धात निखिलनं बास्केटमागून बास्केट टाकल्या, आणि प्रत्येक वेळी साडू जास्तच उदास होत गेले. मग निखिलच्या संघातला उंच खेळाडू पाच फाउल होऊन बाहेर गेला. समोरच्या संघातला दांडगा गडी जाळीखाली मोकाट सुटला. निखिलचे सहकारी एकमेकांची तोंडं बघू लागले, तेवढ्यात निखिल म्हणाला, "मी पाहतो न त्याले. तुम्ही बास्केट टाका."

तो त्या गड्याच्या खांद्याएवढाही नव्हता. पण तो त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्याच्यापर्यंत चेंडूच पोचू देईना. एक चपळ पोरगा बाजूनं निसटला, तर हा सरकून त्याच्याही वाटेत हजर. साडू खुर्चीच्या कडेवर आले होते आणि त्यांचे पाय जमिनीवर आडवे सरकत होते. या धावपळीत निखिल पार दमला, शेवटचा सोपा नेम चुकला आणि संघ एका बास्केटनं हरला. मुक्ता रडवेली होऊन आमच्याकडे आली.

"बाबा, तो नेहमी असा खेळत नाही."

"असाच खेळायला सांग," साडू म्हणाले. "आणि त्याच्या आईवडिलांना पुण्याला कधी यायला जमेल, ते विचार."

लग्न झालं. कंपनीनं दोघांना अमेरिकेला पाठवलं आणि ती दोघं तिकडचीच झाली. पुढे मुक्तानं आईवडिलांना तिकडं नेलं, बाबांसाठी व्यावसायिक सामन्याची तिकिटं काढली. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो. मैदानात बसल्यावर दहाच्या दहा खेळाडू एकदम दिसतात. साडूंना जन्माचं सुख मिळालं असणार, म्हणून ते परतल्यावर मी मुद्दाम भेटायला गेलो आणि सामना कसा झाला ते विचारलं.

साडूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"चांगला झाला असावा," ते म्हणाले. "मुक्ता शेजारी बसली होती. लहानपणी ओरडायची तशी ओरडत होती. मी बराच वेळ तिच्याकडेच बघत होतो. सामने काय, इथंही दिसतात."