आत्तीचं जांभळाचं मडकं

राग मला त्या अबकारीच्या जमादाराचा न्हाय. आमच्या गावच्या बाप्यांचा हाय.

मालुबाई माझी आत्ती, माझ्या जोतिबा आज्याची लेक. नवरा गेल्यावर ती आमच्याच घरी परत आली. नंदगडच्या पलीकडं, रानाला लागून आमचं गाव. मिरगाच्या तोंडाला जांभळं पडली की आत्ती ती येचायची, चुरायची, गूळ घालून मडक्यात भरायची आणि मडकं भाताच्या तुसात पुरायची. भट्टी न्हाय, जाळ न्हाय. भात मळून झालं की गाव राखणाऱ्या शिवंवरच्या देवाला राखणीचा मान द्यायचा, तवाच ते उघडायचं. पयला पेला देवाला. आणि ज्यानं मडकं भरलंय त्यानं तो वतताना मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. बिननावाचं देव घेत न्हाय. उरलेलं सगळ्या गावाला.

लढाईच्या वर्सात खानापूरच्या सरकारी गुत्तेदाराची दारू आमच्याकडं खपंना. त्यानं चुगली केली. राखणीदिवशीच जमादार शिपाई घिऊन देवाच्या राईत आला.

"कुणाचं रं हे मडकं?"

भरमूकाका दरवर्सी सगळ्यांआधी पेला पुढं करतोय, तो अंगठ्यानं माती उकरत हुता. रवळू पाटील म्हणाला, "बेवारस दिसतंय वो सायेब. वतून टाका."

जमादार बी चालून दमलेला. "बरं, वता. मी जातो."

आत्ती गप बसली असती तर सुटली असती. मी तिचा पदर वडला. "आत्ती, गप ऱ्हा गं."

"देवाच्या नावानं ठेवलेलं बेवारस व्हय रं रवळू?" तिनं पेला भरला, देवापुढं वतला आणि वराडली, "मालुबाई, जोतिबाची लेक! मडकं माझं हाय!"

जमादार हळूच म्हणाला, "बाई, मी ऐकलं न्हाय असं धरू?"

"मग परत सांगते."

झालं. शिपायांनी मडकं फोडलं, आत्तीला पंधरा दिवस कैद. बेळगावच्या कॅम्पात गोरे सायेब द्राक्षाची दारू जहाजानं मागवून पितेत, ती सरकारी शिक्क्याची म्हणून चांगली. आमच्या रानातली जांभळं तेवढी गुन्हेगार! आणि आत्तीच्या मागनं खानापूरपतोर चालत कोण गेलं? मी. दुसरं कुत्रं बी न्हाय.

पुढच्या वर्सी जांभळं पिकली, तसा भरमूकाका दारात. "मालू, औंदा भरतीस न्हवं गं?"

आत्तीनं परसातनं रिकामं मडकं आणून त्याच्या हातात दिलं. "तू भर की. नाव तुझं सांग."

काका हसला. आत्ती हसली न्हाय. मडकं उंबऱ्यावर ठिवून काका गेला. मागनं रवळू पाटील आला, त्यानं तर मडकं हातात बी घेतलं न्हाय.

शेवटी आत्तीनंच ते भरलं, राखणीला देवापुढं तेवढं एकच मडकं. तिनं नाव सांगितलं, पयला पेला वतला. मग फडक्यानं मडक्याचं तोंड बांधलं, डोक्यावर घेतलं आणि घरची वाट धरली.

गाव रिकामे पेले घिऊन बघत बसलं. बसू दे.