ऐरण तिसऱ्या मजल्यावर

थेरगावच्या पुनर्वसन इमारतीत एक घिसाडी काका राहतात, पिढीजात लोहारकाम करणारे. जेसीबीनं वस्ती पाडली तेव्हा त्यांनी भांडीकुंडी सोडून आधी ऐरण उचलली. इमारतीत भट्टीला मनाई. माणसाला घर दिलं आणि त्याचा धंदा बंद पाडला, याला पालिकावाले पुनर्वसन म्हणतात. काका तरी रोज ऐरणीला हळद लावतात. खाली जेसीबी आला की ऐरण घट्ट धरतात.

"काका, गटार खणतायत."

"व्हय, मला कळतंय. हातांना कळत न्हाई."

आमच्या संघटनेनं सभेसाठी काढलेल्या पत्रकात मी त्यांना 'भेदरलेला विस्थापित' म्हटलं होतं. वाचून दाखवलं.

"खोटं न्हाई, ताई. पण आधी घिसाडी लिव्ह. भ्यालेला मागनं."

गठ्ठा छापून आला होता. एकेक पत्रक पेनानं दुरुस्त करत बसले. सभा उशिरा सुरू झाली.