मामांचे दोन तळवे

आमच्या प्रयोगशाळेत प्राण्यांची देखभाल करणारे मामा सगळ्यांचेच मामा होते. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले साहेब वयाने थोरले, पण तेही त्यांना मामाच म्हणत. बावीस वर्षं डुकरांना न्हाऊ घालायचं, खायला द्यायचं आणि भूल देण्याआधी कानामागे खाजवायचं, हे त्यांचं काम. डिग्री नाही, पण रुबाब असा की जनावरांच्या डॉक्टरीणबाईसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय सुई उचलत नसत.

त्या दिवशी मी बनवलेल्या नव्या व्हेंटिलेटरची परीक्षा होती. एका डुकरिणीला भूल देऊन सहा तास मशीनवर ठेवायचं आणि सुखरूप जागं करायचं. ते जमलं की मशीन माणसांसाठी पुढे जाणार होतं. दोन वर्षं मी त्याच्यापायी रक्ताचं पाणी केलं होतं.

चौथ्या तासाला तिला कुशीवरून उताणं केलं. पडद्यावर सगळं आलबेल होतं. मामांनी काखेत धरून तळवे गरम केले, तिच्या दोन्ही बरगड्यांवर ठेवले आणि डोळे मिटले.

“ताई, डावी बाजू उठत नाहीये.”

“अहो मामा, मग मशीन बोंबललं नसतं का?” मी फणकारले. राग माझ्या नाकावरच असतो.

“मशीनचं मला काय कळतंय? हिचं सांगतोय मी.”

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. तिला वळवताना श्वासाची नळी आत सरकून एकाच फुप्फुसात गेली होती. त्यांनी ती दोन बोटं मागे ओढली, तशी डावी बाजू उठली. हवा कमी गेली की वाजणाऱ्या अलार्मच्या आकड्यावर माझी नजर गेली. सकाळी रबरी फुप्फुसावर मशीन तपासताना अलार्म सारखा कोकलत होता, म्हणून मीच त्याची मर्यादा शून्यावर नेऊन तो गप्प केला होता. परत लावायचं साफ विसरले, आणि अलार्म शून्यावर असूनही मशीनने मला हटकलं नव्हतं. उद्या तिथे माणूस असता तर?

ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गुपचूप आकडा बदलता आला असता. मामा तिचा कान खाजवत बसले होते. त्यांच्याकडे बघून मला स्वतःची लाज वाटली, आणि मी अहवालात सगळं लिहून टाकलं.

साहेबांनी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं, म्हणजे आणखी एक वर्ष गेलं. मी डुकरिणीच्या खोलीत येऊन नाक पुसत उभी राहिले. ती नुकतीच जागी झाली होती आणि मामा ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसत होते. साहेबांचा आवाज तिथपर्यंत येत होता.

“ओरडू द्या हो, ताई,” मामा म्हणाले. “जो ओरडतो त्याचा श्वास नीट चालू असतो. काळजी गप्प पडलेल्याची करायची.”