पत्रा ऐकणारे मिस्त्री

मुलांनो, गाडीतला आवाज कमी करायला स्वस्तात काय लावावं, असं तुम्ही पत्रात विचारलंत, म्हणून आज पनवेलचे एक मिस्त्री आठवले.

तुमचे आजोबा तेव्हा तिथे वकिली करत. त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि आमची जुनी गाडी इतकी खडखडायची, की तिच्यात बसलं की आमचं बोलणंच थांबायचं. मुंबईहून नमदा, म्हणजे आवाज दाबणारं जाड लोकरी कापड, आणणं परवडणारं नव्हतं. मी मिस्त्रींना म्हटलं, सगळ्या गाडीला आतून गोणपाट लावा.

"सगली कशाला, बाय? जो पत्रा घुमतो त्यालाच गप करू."

मडकं घेताना वाजवून बघावं तसं ते पत्र्यावर बोट वाजवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि घुमेल तिथे खडूने फुली काढायचे. दोन दिवस नुसतं हेच चाललं. मग खाडीवर होड्यांना लावतात ते डांबर तापवून, त्यात भिजवलेलं गोणपाट त्यांनी फक्त फुल्यांवर चिकटवलं.

गाडी तपासायला निघालो तेव्हा आजोबा चालवत होते. मिस्त्रींनी मला मुद्दाम मागे बसवलं. "आता सायबांशी बोला. वरडायचा नाय."

"रात्री भाजी कसली करू?" मी नेहमीच्या आवाजात विचारलं.

"काहीही कर, कारलं नको," आजोबा मागे न बघता म्हणाले.

"वकीलसायेब," मिस्त्री म्हणाले, "आता ऐकू नाय आला म्हनायची सोय गेली तुमची."

गाडी केव्हाच विकली. उरलेला गोणपाटाचा तुकडा माझ्या शिवणाच्या मशीनखाली अजून आहे.