फोन देवापाशी

बारावीच्या वर्षी मी मेडशीहून मालेगावला शिकवणीसाठी एसटीनं जायची. आमचे भौतिकशास्त्राचे सर ऐन झोपायच्या वेळी ग्रुपवर प्रश्न टाकायचे आणि सकाळी वर्गात पटापट उत्तर देणाऱ्यांचं तोंडभरून कौतुक करायचे. उत्तर देऊन तरी फोन कुठे सुटतो? मग मैत्रिणींच्या गप्पा, मग व्हिडिओ. एकदा बसमध्ये असा डोळा लागला की मालेगाव मागे पडलं आणि मी थेट वाशिमच्या स्टँडवर उतरले. त्या दिवशीची परीक्षा बुडाली. सरांनी बजावलं, "आता पुढची बी गेली, तर बॅचमधून नाव कमी."

ती बॅच मला सोडायची नव्हती. त्याच संध्याकाळी जेवण झाल्याबरोबर मी फोन देवघरात, बाळकृष्णाच्या बाजूला ठेवून दिला. आंघोळ केल्याशिवाय, पारोशानं, देवघराला हात लावायची आमच्या घरात कोणाची बिशाद नाही. आईचा तसा कायदाच आहे. म्हणजे सकाळपर्यंत फोन बंदोबस्तात! देवाला राखणीला बसवलं म्हणून आई आधी फुगली, मग हसली. सुरुवातीला माझा जीव नुसता तळमळायचा. पण झोप लागायला लागली, गाढ.

सरांनी वर्गात उभं केलं.

"काहून वं, राती उत्तर काहून नाही देत?"

"फोन देवापाशी राह्यते सर. सकाळी आंघोळ झाल्यावर भेटते."

वर्ग खो-खो हसला. मैत्रिणी मला पुजारीणबाई म्हणायला लागल्या. म्हणोत बापड्या.

सरांनी मग एका रात्री बाबांशी बोलायला माझ्याच नंबरवर फोन लावला. तो वाजला देवघरात. बाबा तुरीवर फवारणी करून उशिरा आले होते, तसेच उचलायला निघाले. मी आडवी आले.

"बाबा, आंघोळ कुठी केली तुमी?"

बाबांनी आईकडे पाहिलं. "पोरगी बराबर बोलून राह्यली," आई म्हणाली. फोन वाजून वाजून गप्प झाला.

पुढच्या परीक्षेत सर्वांत जास्त मार्क मला पडले. सर माझा पेपर वर्गापुढे नाचवत म्हणाले, "पाहा! रातभर जागली असंन हे पोरगी. असा अभ्यास लागते!"

बॅच तर राहिलीच होती; गप्प बसले असते तर कौतुकही पदरात पडलं असतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले.

"नाही सर," मी म्हणाले, "मी झोपली होती."